हात केला की थांबती

वडापवाले माणसं जनावरागत कोंबत्यात, आसं एकदा पेपरात छापून आलं हुतं. छापणाऱ्याला म्हणावं, बाजारादिवशी ये आन् आमच्या रस्त्याला उबा राहा. एस्टी गेलेली असती, न्हायतर यायचीच नसती, आन् ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. तवा माझी जीप दिसली की तूच दोन्ही हात वर करशील आन् टपावर बसीव म्हणशील. मी गुरुशांत. मैंदर्गी ते अक्कलकोट वडाप मारतो, मिसरूड फुटल्यापासनं. आमच्याकडं तिकीट न्हाय, थांबा न्हाय, टायम न्हाय. माणसानं हात करायचा, आमी थांबायचं, एवढाच कायदा.

आन् न्हाय थांबलो तर आमी बी हात करतो. गाडी भरली असली की खिडकीतनं पंजा काढून हलवायचा, म्हंजी जागा न्हाय. अंगठा मागं दाखवला म्हंजी मागनं दुसरी येतीया, थांब तितंच. रस्त्याचं माणूस बिचारं शिव्या देत दोन पावलं मागं सरतंय, झाडाखाली जातंय. ह्ये कुणी शिकवत न्हाय, कुणी इचारत बी न्हाय. माझा बाप टेम्पो मारायचा तवापासनं असंच हाय.

माझी आई निंगव्वा. आमी तिला अव्वा म्हणतो. आमच्या घरात कन्नड, बाहेर मराठी आन् भांडताना दोन्ही. अव्वा शेंगाचटणी करायची, उखळात कुटून. मिक्सरचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. चटणी आन् कडक भाकरी टोपलीत घालून अक्कलकोटच्या एका दुकानात द्यायला जायची. आमची वस्ती रस्त्यालगत हाय, म्होरं लिंबाचं झाड. टोपली कमरंवर, उजवा हात वर, तळहात मिरचीनं लाल झालेला, अशी त्या झाडाखाली उबी राहायची. आन् माझी गाडी भरलेली असली की मी तिला बी पंजा हलवून जायचो. मग सांजच्याला जेवताना ऐकायचं.

"पोटच्या पोरानं हात हलवला मला."

"अव्वा, जागा नव्हती की."

"आईला जागा न्हाय व्हय रे? वऱ्हाडातल्या नवरीच्या मावशीला बरी जागा असती." आन् हसायची. तिला राग येतच नव्हता. राग सगळा माझ्याच वाट्याला आलाय.

मग ती गाडी आली.

गेल्या वर्षी दिवाळी सरली आन् आमच्या रस्त्याला एक पांढरी गाडी फिराय लागली. आठ माणसं बसतील एवढी, मागनं म्होरनं सारखीच. ड्रायव्हर न्हाय, स्टेरिंग बी न्हाय. पयल्यांदा कंपनीचा एक माणूस आत बसायचा, लाल बटणावर हात ठिवून. नंतर त्यो बी गेला. खेड्यातला रस्ता कसा असतोय ते गाडीला शिकवायचं हुतं म्हणं, म्हणून बसणाऱ्याला फुकट. फुकट असून बी कुणी बसंना. लोक लांबनं ती दिसली की शेळ्या वडून घ्यायचे, बायका रस्त्याखाली उतरून गवतात उब्या राहायच्या. रिकामीच जायची, रिकामीच यायची. मी टपरीवर चहा पीत मज्जा बगायचो.

कंपनीनं मग आमच्या वस्तीवर सभा घेतली. अपेक्षा नावाची एक इंजिनेर बाई आल्ती, मूळची करमाळ्याची. बोलायला साधी. म्हणली, "आम्हाला तुमचा विश्वास हवाय. तुम्हाला नवीन काही शिकायला नको. जीपला हात करता ना, तसाच हिला करा. ही थांबेल. भरलेली असली तरी थांबेल आणि सांगेल."

भरलेली असली तरी म्हणल्यावर सगळे माझ्याकडं बगून हसले. मी बी हसलो, काय करता.

त्या बाईनं स्वता रस्त्यात जाऊन हात केला. गाडी येऊन तिच्याम्होरं हातभर लांब थांबली. कुणी टाळी वाजवली न्हाय. कंपनीचं माणूस कंपनीच्या गाडीला हात करतंय, त्यात काय? मग आमची अव्वा उठली. पदर खोचला, मिरचीचा हात तसाच वर केला आन् रस्त्यावर जाऊन म्हणली, "निल्ल, तंगी." म्हंजी थांब गं बारके. तंगी म्हणतो आमी धाकट्या बहिणीला. गाडी थांबली. दार उघडलं. अव्वा आत जाऊन बसली आन् सगळ्यांकडं बगून मान हलवली.

तवा टाळ्या पडल्या. आन् कंपनीवाल्यानं फोटू काढला.

पंध्रवड्यात आमच्या लिंबाच्या जवळच बोर्ड लागला, जीपएवढा मोठा. बोर्डावर अव्वा, तिचा लाल तळहात, खाली अक्षरं: विश्वास ठेवा. हात करा. गाडी थांबेल. अव्वाला वाचता येत न्हाय. शेजारच्या बायकांनी वाचून दाखवलं तर म्हणली, नाक लई मोठं काढलंय.

त्यानंतर माणसं चढाय लागली. निंगव्वा बसती म्हंजी काय भ्यायचं, असं म्हणून चढाय लागली. माझी जीप निम्मी रिकामी धावाय लागली. मी सांगायचो, आरं मशीन हाय ती, तिला काय कळतंय. तर लोक म्हणायचे, गुरुशांत, तुजा धंदा बसला म्हणून तू बोंबलतूस. धंदा तर बसलाच हुता. मलाच कळंना झालतं, मी भितोय का जळतोय. माझा जोडीदार मल्लेश, त्यो बी वडापवालाच, त्यानं तर जीप इकली आन् कंपनीत त्याच गाडीच्या काचा पुसायच्या नोकरीला लागला. खिशाला बिल्ला लावून टपरीवर यायचा. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

अव्वा मला जेवताना टोचायची. "तंगी शिव्या देत न्हाय. तंबाखू खाऊन थुकत न्हाय. आन् आईला वळखती."

"ती चटणीचा वास वळखती, अव्वा."

"वळखू दे. वळखती की."

आन् खरं सांगायचं तर गाडी थांबायची. मी बगत हुतो ना रोज. वासरू आडवं आलं, थांबली. धनगराची मेंढरं पसरली, सगळा कळप जाईस्तोवर गपचीप उबी. एक दारुडा तिच्याम्होरं नाचला, त्याला बी काय केलं न्हाय. मी असतो तर खाली उतरून त्याच्या दोन ठिवून दिल्या असत्या. असं महिनं गेले. त्या गाडीकडं अंगठा दाखवायचा न्हाय अशी मी शपथ घेतल्ती, कुणी बी उबं असू दे. शपथ पाळली. पण मनातल्या मनात राग निवत गेल्ता, ह्ये बी खरं.

उन्हाळ्यात शाळेच्या पोरांना खेळ सापडला. शाळा सुटली की रस्त्याच्या कडंला ओळीनं उबी राहायची आन् एकेकानं हात करायचा. गाडी थांबायची, दार उघडायची. पोरं पळून जायची. पन्नास पावलं गेली की दुसरं हात करायचं. आतली माणसं कावून गेली. अक्कलकोटला पोचायला बैलगाडीपेक्षा येळ लागाय लागला. तक्रारी गेल्या. मग कंपनीनं रस्त्याला हिरवे खांब रोवले आन् गाडीला शिकवलं की आता खांबापाशीच थांबायचं, मधी कुणी हात केला तर तिकडं लक्ष द्यायचं न्हाय.

खांब मी बी बगितले. मला वाटलं, आता सावलीला छप्पर घालतील. बाकीचं मला नंतर कळलं. मोबाईलवर कळवलं हुतं म्हणं, खांबावर कागद बी चिकटवला हुता. मल्लेशनं टपरीवर चार लोकांना सांगितलं हुतं. मी त्याच्याशी बोलत नव्हतो. अव्वा तवा माझ्या बहिणीकडं सोलापूरला गेल्ती. आन् बोर्ड तसाच हुता. विश्वास ठेवा. हात करा.

अव्वा सोलापूरहून आली आन् लगीच उखळाला बसली. दुकानातली चटणी सपली हुती म्हणं, गिऱ्हाइकं इचारत्यात. दुसऱ्या दिवशी दुपारच्याला टोपली घिऊन बाहेर पडली. मी वऱ्हाड घिऊन अक्कलकोटला निघाल्तो. जीप तुडुंब. दोघं मागं लटकत हुते, नवऱ्याचा चुलता माझ्या मांडीवरच बसल्यागत. लांबनं लिंबाखाली अव्वा दिसली. हात वर.

जागा खरंच नव्हती. ऊन लई हुतं. पंजा हलवला असता तर ती उन्हात किती येळ उबी राहिली असती कोण जाणे. आरशात बगितलं तर मागनं पांढरी गाडी येत हुती. मी खिडकीतनं हात काढला आन् अंगठा मागं दाखवला.

पयल्यांदाच दाखवला. तिला बी ते कळलं असणार, कारण ती हसली. मान डोलवली, दोन पावलं मागं सरली, झाडाखाली गेली. मी बगितलं तिला मागं सरताना. मी म्होरं गेलो.

वळणापाशी मागं लटकलेला एकजण म्हणला, "ड्रायव्हर, थांबीव. कायतरी झालंय."

मी पळत गेलो तवा गाडी लिंबाच्या पुढं थांबली हुती. पिवळे दिवे लुकलुकत हुते. दार उघडं. आतनं बाईचा आवाज येत हुता, कृपया सावकाश उतरा, कृपया सावकाश उतरा. आतल्या दोन बाया उतरंनात. अव्वा रस्त्याच्या कडंला पडल्ती. टोपली लांब गेल्ती, भाकरीचं तुकडं झालतं आन् सगळा रस्ता लाल झाल्ता. चटणी किती आन् बाकीचं किती, ते मला लई येळ कळंना. मी येड्यागत चटणी गोळा करत हुतो. वऱ्हाडातल्या माणसांनी मला धरून उटवलं.

अव्वाला माझ्याच जीपमदी घातलं. वऱ्हाड खाली उतरलं, सगळी सीट मोकळी झाली. आईला जागा झाली. सोलापूरच्या अलीकडंच ती गेली.

पंचनामा झाला. पोलिसांनी जबाब घेतला. नंतर कंपनीनं सोलापूरच्या ऑफिसात बोलवलं. गार खोली, काचेचं टेबल, एक वकील, दोन सायेब, आन् कोपऱ्यात ती अपेक्षा. गाडीच्या कॅमेऱ्यातली फिल्म दाखवली. बगायचं का न्हाय तुमी ठरवा म्हणले. मी बगितली.

फिल्ममदी पयला माझाच हात दिसतोय. म्होरं जीप, खिडकीतनं बाहेर आलेला हात, अंगठा मागं. मग झाडाखाली अव्वा. ती हात करती. गाडी हळू होत न्हाय. अव्वाला त्याचं काय वाटत न्हाय, ती नेहमीसारखी टोपली सावरत डांबरावर येती, कारण रोज ती डांबरावर येस्तोवर गाडी थांबलेली असायची. तोंड हलताना दिसतंय. आवाज न्हाय फिल्मला, पण मला ठावं हाय ती काय म्हणली.

वकील म्हणला, "मयत अधिकृत थांब्यावर उभ्या नव्हत्या. तशी सूचना आधीच दिलेली होती."

मी म्हणलो, "बोर्डावर फोटू कुणाचा हाय?"

त्यानं कागद उलटले. बोलली ती अपेक्षा. "गाडीनं ब्रेक मारला होता, काका. उशिरा मारला. कडेला हात करून उभा असलेला माणूस तिथंच उभा राहतो, असं तिला नवीन शिकवलं होतं." मग सायबांकडं बगून म्हणली, "बोर्ड काढा म्हणून मी सांगितलं होतं. नवा छापून आला की काढू म्हणाले."

एक सायेब तिच्याकडं असं बगाय लागला की ती परत बोललीच न्हाय.

मला तितं लई बोलायचं हुतं. काच फोडावी वाटत हुती. पण नुसताच उटून आलो. जिन्यावर आल्यावर सगळं आठवलं. ए गाडे, थांबायचं नव्हतं तर थांबू नको गं, कोण म्हणतंय थांब. आमी बी थांबत न्हाय. पण आमी हात हलवतो. माझ्या मायनं उभ्या जल्मात असा एक बी ड्रायव्हर बगितला नव्हता, जो थांबणार बी न्हाय आन् हात बी हलवणार न्हाय. हात हलला न्हाय म्हंजी गाडी थांबणार, एवढंच तिला ठावं. आन् हिला हातच न्हाय. काय हलवंल?

गावात आलो तर गावचं बोलणं फिरल्यालं. पयलं चार दिवस सगळे हळहळले. दिवसकार्याला झाडून सगळे आले, जेवले. मग हळूहळू सुरू झालं. म्हातारी खांबापाशी उबी राहिली असती तर. म्हातारीनं बगायला पायजे हुतं. गाडी काय मुद्दाम करती व्हय, ड्रायव्हर किती जणांना उडवत्यात वर्षाला, त्यांचा कोण हिशेब ठिवतंय. मल्लेश टपरीवर म्हणला, "चूक काकूचीच, वाईट वाटतंय पण खरं बोलावं लागतंय." मी त्याच्या थोबाडीत दिली. बिल्ला तुटून चहाच्या गिलासात पडला. लोकांनी मला वडलं. मल्लेशला कुणी वडलं न्हाय, कारण त्यानं हात उचललाच न्हाय. त्यो रडत हुता, आन् रडता रडता बी म्हणत हुता की चूक काकूचीच.

तवा माझ्या ध्यानात आलं. त्यांना चूक अव्वाचीच पायजे हुती. गाडीची चूक धरली तर उद्या गाडीत बसायचं कसं? अव्वाची धरली की बसता येतंय.

गाडी महिनाभर बंद हुती, मग परत सुरू झाली. पयल्या दिवशी रिकामी. दुसऱ्या दिवशी दोन माणसं. आता भरलेली असती. सगळे हिरव्या खांबापाशी शान्यागत उबं राहत्यात, कुणी हात करत न्हाय. माझी बायको बी दोनदा गेली त्यातनं दवाखान्याला. तिला वाटतंय मला ठावं न्हाय.

बोर्ड काढायला कंपनीची माणसं शिडी घिऊन आली, तवा मी जीप आडवी लावली. म्हणलो, हात लावाल तर टाळकं फोडीन. ते म्हणले, काका, तुमच्यासाठीच काढतोय, तुमाला रोज दिसतंय, तरास हुतोय. मी म्हणलो, तिचा हात खाली घ्यायचा हुता तवा तुमाला सवड नव्हती. आता ऱ्हाऊ द्या वरच. त्यांनी सायबाला फोन लावला, मग नुसती अक्षरं पांढऱ्या रंगानं पुसून निघून गेले. आता अक्षरं न्हाईत. अव्वा हाय, टोपली हाय, आन् हात.

मी रोज तितनं जातो. पयलं आठ दिवस बगायचंच न्हाय असं ठरवलं. पण ड्रायव्हरची नजर हाताकडं जातीच, जल्माची सवय. दिसतंय, रस्त्याला हात केलाय कुणीतरी. पंजा हलवू? जागा न्हाय म्हणू तिला? अंगठा दाखवू? मागनं येणारी गाडी तीच की.

म्हणून मी थांबतो. भरलेली असू दे, रिकामी असू दे, पाऊस असू दे, लिंबापाशी जीप थांबती. माझ्या बाजूचं दार उघडतो, जरा येळ जाऊ देतो, लावतो. माणसं कटाळत्यात. नवीन असतंय त्यो इचारतोय, कोण येणार हाय? जुने त्याला गप करत्यात.

आन् मी थांबलो की आरशात ती दिसती. मागनं येती, माझ्या जीपला बगून हळू होती आन् थांबती. न चुकता. बरोबर हातभर लांब. काचेतनं आतली माणसं दिसत्यात, एकमेकांकडं बगून मान हलवत्यात. बगा कशी थांबली, असं म्हणत असतील.